पाण्याला उठणारी माणसं

काकांची एक वही माझ्याकडे आहे. दोनशे पानी, शाळेतल्या पोरांची असते तसली, वर हत्तीचं चित्र. आत पानापानावर पेन्सिलीने अशा नोंदी आहेत: "तळमजला, डावीकडचं घर. गाणं दुसरं. १ मिनिट ५० सेकंद, आजोबा पाण्याला उठले. २ मिनिटं ५ सेकंद, सूनबाईंनी गवार निवडायला घेतली. २ मिनिटं ३० सेकंद, मांजरही गेलं."

वही पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला वाटतं, लिहिणारा एक तर पोलिसातला असावा, नाही तर डोक्याने गेलेला. काका दोन्ही नव्हते. ते गाण्यांचे व्हिडिओ बनवत. वहीतल्या एकूण एक नोंदीला मिनिट आणि सेकंद आहेत. फक्त शेवटच्या नोंदीला नाहीत, आणि ती माझ्या अक्षरात सुरू होते. पण तिच्यावर येण्याआधी काका कसे होते ते सांगायला हवं.

घराघरात व्हीसीडी प्लेयर आले होते आणि मोबाइल अजून बिल्डर लोकांच्याच खिशात होते, तेव्हाची गोष्ट. मी विरारात एका लोकल केबल चॅनेलवर निवेदिका होते. 'निवेदिका' हा शब्द माझ्या आईने लग्नाच्या बायोडेटासाठी जपून ठेवला होता. प्रत्यक्षात मी दोन खोल्यांच्या ऑफिसात निळ्या पडद्यासमोर बसून "नायगावच्या चिरंजीव सोनूला पहिल्या वाढदिवसाच्या आई-पप्पा, दोन्ही मामा आणि समस्त सोसायटीतर्फे शुभेच्छा" असलं वाचत असे. उरलेल्या वेळात कार्यक्रमांचा क्रम लावायचा, स्क्रीनखालच्या पट्ट्या टाइप करायच्या आणि लाइट गेले की मेणबत्ती शोधायची. रोज संध्याकाळी सव्वासातला 'श्रद्धांजली' लागे. गेलेल्या माणसाचा फोटो, फोटोला हार, मागे बासरी, खाली 'शोकाकुल' आणि नावांची रांग. सांगायला बरं वाटत नाही, पण हा आमचा सगळ्यात लोकप्रिय कार्यक्रम होता.

चॅनेलच्या मालकांना आम्ही शेठ म्हणायचो. आसपासच्या गायकांच्या गाण्यांच्या व्हीसीडी काढायचा त्यांचा जोडधंदा होता आणि गाण्याच्या व्हिडिओची त्यांची कृती ठरलेली होती: समुद्र, नारळ, बारा मुली. गाणं लग्नाचं असो की देवीचं, बारा मुली अर्नाळ्याच्या वाळूत उतरायच्या. चार पावलं डावीकडे, चार पावलं उजवीकडे. मागे एखादा खराखुरा कोळी जाळं आवरता आवरता 'ह्यांचं संपतंय कधी' अशा तोंडाने बघत असायचा. मला तर नेहमी तोच बघावासा वाटे.

आम्ही सगळे ज्यांना काका म्हणायचो ते या कारखान्यात कसे शिरले कोण जाणे. उंच, किडकिडीत, शर्टाचं वरचं बटण बारा महिने लावलेलं आणि काखेत एक लाकडी स्टूल. वसईतल्या एका जुन्या थेटरात बावीस वर्षं ते पिक्चरचं मशीन चालवत. थेटर बंद पडलं तेव्हा मशीन भंगारात गेलं आणि काका आपलं बसायचं स्टूल घरी घेऊन आले. नंतर कुणाचा तरी सेकंडहँड कॅमेरा हाताशी लागला, तो चालवायला स्वतःच शिकले. "फिल्लम उलटी लावली तर सरळ करायला किती वेळ लागतो ते ज्याला ठाऊक, त्याला कॅमेऱ्याचं काय भय?" असं म्हणायचे.

पण खरं वेड निराळंच होतं. एकदा मला म्हणाले, "बावीस वर्षं मशीनच्या खोलीच्या भोकातून लोक बघितले मी. सगळे मागून. कुणाला टक्कल पडायला लागलंय ते त्याच्या बायकोच्या आधी मला कळायचं. पण तोंड एकाचं दिसलं नाही. हसले तर आवाज तरी यायचा. रडले तर तेवढंही नाही."

म्हणून आता ते तोंडं बघत होते. व्हिडिओ चॅनेलवर लागायच्या वेळी काका काखेत स्टूल मारून कुणाच्या तरी दारात हजर व्हायचे. "मी केबलवाल्यांकडून आलोय. बिल मागायला नाही." एवढं ऐकल्यावर घरोघरी स्वागत व्हायचं. मग ते टीव्हीच्या अगदी शेजारी, टीव्हीकडे पाठ करून स्टूल मांडत, मनगटावरचं घड्याळ सोडून मांडीवर ठेवत आणि घरच्यांना सांगत, "तुम्ही गाणं बघा. माझ्याकडे बघू नका." आता टीव्हीच्या शेजारी एक लांबडा माणूस आपल्यावर डोळे रोखून बसलाय म्हटल्यावर त्याच्याकडे न बघणं कसं जमणार? पण दोन-तीन मिनिटांत लोक विसरत. विसरले नाहीत तर काका समजत की गाणं पडलं.

त्यांची परीक्षा सोपी होती. माणूस गाणं लागायच्या आधी भिंतीला, सोफ्याला टेकून बसलेला असतो. "पाठ सुटली पाहिजे," काका म्हणत. "बाकी सगळं झूट. वा वा तर पाहुणाही करतो. पाठ सुटली की समज, आत गेलं." आणि पाण्याला उठला म्हणजे संपलं. तहान लागली म्हणून कोणी उठत नाही, म्हणायचे. कंटाळा आला की माणसाला आपण तहानलेले आहोत हे आठवतं.

एकदा ते आमच्याही घरी आले. आईने जरीची साडी नेसली, कारण बघायला येणार म्हटल्यावर तिला वेगळंच काही सुचलं असावं. त्या दिवशी एका म्हाताऱ्या गायकाचं माहेरवाशिणीचं गाणं होतं. अर्ध्यावर आई उठली, स्वयंपाकघरात गेली, पेला घेऊन परत आली. मला शरमल्यासारखं झालं. माझीच आई पाण्याला उठली. जिन्यात मी म्हटलं, "काका, लिहिलंत ना तिचं नाव?"

"लिहिलं. पण तू नीट बघितलं नाहीस," ते म्हणाले. "पाण्याला उठणाऱ्यांत दोन जाती असतात. एक पाणी पितो. दुसरा नुसता पेला भरतो. तुझी आई परत आली तेव्हा पेला काठोकाठ होता."

मी घरी जाऊन आईला विचारलं तर ती म्हणाली, "डोळ्यात मसाला गेला." त्या दिवशी आमच्याकडे पिठलं होतं.

काकांचे व्हिडिओ मात्र शेठच्या कपाळाला आठ्या पाडणारे. नायगावच्या एका हौशी गायकाने लग्नाचं गाणं केलं होतं आणि त्याला स्वतःला मोटारसायकलवर बघायचं होतं. काकांनी त्याला मोटारसायकलवरून मांडवापर्यंत नेलं, खाली उतरवलं, आणि सगळं गाणं मांडवाबाहेरच्या चपलांवर चित्रित केलं. गाण्यात एक माणूस नाही. आधी दोन जोड, मग दहा, मग ढीग. कोल्हापुरी, स्लीपर, मुलांचे वाजणारे बूट, एक लंगडी सँडल. शेवटी कमी होत होत दोनच जोड उरतात, एक नवऱ्याचा आणि एक नवरीचा. शेठ म्हणाले, "काका, लोक पैसे देऊन चपला बघणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात एक गृहस्थ आले. अनवाणी नव्हते, पण चेहरा तसाच होता. "त्या लग्नाला मी होतो. काल तुम्ही दाखवलेल्यात दुसऱ्या कडव्याला माझी चप्पल दिसते, आणि तिसऱ्या कडव्याला ती एका पायजम्यात निघून जाते. पुन्हा लावा." आम्ही पुन्हा लावलं. त्यांनी ते गाणं सात वेळा बघितलं. संध्याकाळपर्यंत त्या लग्नाला गेलेले निम्मे लोक फोन करून गाण्याची फर्माईश करत होते, कारण प्रत्येकाला आपली चप्पल शोधायची होती. तो पायजमा शेवटी मुलीकडचा निघाला आणि त्यावरून दोन्हीकडचं बोलणं काही दिवस बंद होतं. काका मात्र खुशीत. "एक माणूस, सात वेळा! आणि पाठ एकदाही टेकली नाही त्याची!"

मग एक अंगाई आली. शेठना पाळणा, बाळ, आणि बाळाची आई म्हणून एखादी गोरी मुलगी हवी होती. काकांनी चार दिवस हिंडून भर दुपारी डुलक्या काढणारे लोक टिपले. एटीएमचा वॉचमन, फायलीवर कपाळ टेकलेला कारकून, उलट्या होडीच्या सावलीतलं कुत्रं, प्रवचन ऐकणाऱ्या पहिल्या रांगेतल्या आजी. गाणं लागलं आणि काका रात्री वही फडकवत आले. "सोळा जांभया! एका घरात सोळा!"

"म्हणजे लोक झोपले," शेठ म्हणाले.

"अंगाई आहे ती, शेठ. जागे राहिले असते तर मी तोंड दाखवलं नसतं."

आता चांगुणाबायबद्दल. अर्नाळ्याची कोळीण, वय सत्तरीच्या आसपास, आणि पंचक्रोशीतली नावाजलेली धवलारीण, म्हणजे हळदीत आणि लग्नात विधीची गाणी म्हणणारी जाणती बाई. तिच्या तोंडून गाणं झाल्याशिवाय नवरीला हळद लागत नसे, असे दिवस होते. मग हळदीत डीजे आला. शेठने कुणाच्या तरी सांगण्यावरून तिचं एक गाणं रेकॉर्ड करून घेतलं. आवाज ऐकून मी गार झाले. भाकरीसारखा खरपूस, मध्येच चिरलेला, पण सुराला पक्का. "दारी आली हलद, लेक झाली पाव्हनी" अशी त्याची पहिली ओळ होती. शेठना आवाज आवडला. त्यांनी लगेच त्या बारांतल्या एका मुलीला फोन लावला. म्हाताऱ्या आवाजावर वीस वर्षांच्या पोरीने ओठ हलवायचे, मागे समुद्र.

चांगुणाबाय ऑफिसात आली होती. कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ती सगळ्यांनाच अरे-तुरे करी, शेठलाही. "माज्या गल्यावर दुसरीचा तोंड नको रे बाबा."

"मग तुम्ही या कॅमेऱ्यासमोर," शेठ म्हणाले.

"माजा पन तोंड नको. दात नाय मना. लोक दात मोजत बसतील, गाना कोन आयकल?"

शेठने कपाळाला हात लावला. तिचंही तोंड नको, दुसरीचंही नको, तर दाखवायचं काय? चांगुणाबाय खुर्चीत बसली. आवाज एकदम खाली आला. "दोन वर्सं झाली, कोनी हलदीला बोलावला नाय मना. गावात लगीन व्हता तवा मी दार लावून बसतंय. ह्या गान्याला कोनी इचारला तर ठीक. नाय इचारला तर मी समजन, लोक इसरले. मंग पुना तोंड नाय उघडनार मी."

हे ती रडून बोलली नाही. मासळीचा भाव सांगावा तसं सांगितलं. म्हणून मला जास्त लागलं.

काका कोपऱ्यात स्टुलावर बसून तिच्याकडे बघत होते. हळूच म्हणाले, "बाय, तू आजवर कुणाकुणाच्या हळदीत गायलीस?"

"मोजाया बसू?"

"मोज. मला अकरा बायका दे."

दुसऱ्या दिवसापासून काका अर्नाळ्यात. मीही रजा टाकून गेले, टेपरेकॉर्डर धरायला. पद्धत अशी: ज्या बाईच्या हळदीत चांगुणाबाय गायली होती तिला काकांच्या स्टुलावर बसवायचं. कोणी वाकटी मासळी सुकवता सुकवता हात पुसून आली, कोणी नातवाला काखेत मारून. समोर कॅमेरा, स्टुलाखाली टेपरेकॉर्डर. काका म्हणायचे, "काही करायचं नाही. ऐकायचं." आणि बटण दाबायचे.

पहिल्या मिनिटाला सगळ्या लाजायच्या. पदर सारखा करायच्या, कॅमेऱ्याला हसायच्या. मग गाणं पोचायचं. एकीचे ओठ आपोआप हलायला लागले. एक बघता बघता सतरा वर्षांची झाली; कशी ते मला सांगता येणार नाही, पण झाली. एक धिप्पाड बाई, जी विरारच्या बाजारात गिऱ्हाइकाला घाम फोडायची, तिने तळहात गालाला लावला, हळद अजून ओली आहे असा. काका कॅमेऱ्यामागे उभे होते. मला तेव्हा कळलं, बावीस वर्षं जे बघायचं राहिलं होतं तेच हा माणूस आता लोकांना दाखवणार होता. गाणं ऐकणाऱ्यांची तोंडं. बस्स, तेवढाच व्हिडिओ.

तो लावायचा कधी, यावर काकांनी वही उघडली. "सगळं बघितलंय मी. बातम्यांना लोक उठतात. पिक्चरला उठतात. क्रिकेटलाही उठतात. एकाच वेळी अख्ख्या विरारात पाण्याला कोणी उठत नाही."

"कधी?"

"श्रद्धांजलीला. आपल्या ओळखीचं कोण गेलं ते बघत असतात. पाठी सुटलेल्या असतात सगळ्यांच्या. त्याला चिकटून लाव. मध्ये जाहिरात नको, तुझं बोलणं नको. सुरुवातीला नावही नको. नाव आलं की माणूस वाचतो, बघत नाही. नाव शेवटी टाक, आणि गावकऱ्यांचे आभार मान."

मला हे फार हुशारीचं वाटलं. क्रम मी लावला. शेवटची पाटीही मीच केली. आमच्या संगणकावर बरी दिसणारी पाटी एकच होती, काळी, कोपऱ्यात तेवती समई असलेली. तिच्यावर मी पांढऱ्या अक्षरांत लिहिलं: "चांगुणाबाय. समस्त ग्रामस्थ, अर्नाळा." 'आवाज' आणि 'आभार' हे दोन शब्द पाटीवर मावेनात म्हणून मी ते काढून टाकले. तेव्हा मी पंचविशीची होते आणि पदवीधर होते, हेही इथे सांगून टाकते.

सव्वासातला श्रद्धांजली सुरू झाली. कोणी आजोबा, कोणी काकू, बासरी. बासरी थांबली आणि अकरा बायका आल्या. निश्चल बसलेल्या, ओल्या डोळ्यांच्या, एकामागून एक. मागे चांगुणाबायचा आवाज. चांगुणाबाय स्वतः कुठेच नाही. शेवटी काळी पाटी, समई, नाव, समस्त ग्रामस्थ.

पाटी गेल्यावर तिसऱ्या मिनिटाला पहिला फोन आला. "कधी गेली हो?"

"कोण?" मी विचारलं.

"चांगुणाबाय. माझ्या धाकटीच्या हळदीला तीच होती."

मी पाटी डोळ्यांसमोर आणली आणि आपण काय करून बसलोय ते कळलं. तेवढ्यात दुसरी लाइन वाजली. मग पुन्हा पहिली. "मयत कधी उचलणार?" "आजारी होती का?" एक बाई नुसती हुंदके देत होती. मी प्रत्येकाला सांगत होते, "अहो, त्या ठणठणीत आहेत," आणि लोक म्हणत, "हो हो, परवापर्यंत ठणठणीतच होती."

मी घाईघाईने खालून पट्टी फिरवली: "चांगुणाबाय सुखरूप आहेत." पट्टी एकदा फिरली, दुसऱ्यांदा 'चांगुणाबाय' एवढं आलं आणि लाइट गेले. विरारचे लाइट एकदा गेले की तास-दीड तास कोणी त्यांची वाट बघत नसे. अंधारात जिन्यावर पावलं वाजली. काका. धापा टाकत, काखेत स्टूल, तोंडभर हसू.

"एक जण उठला नाही! एक! आणि शेवटी काय झालं ठाऊक आहे? सगळं घर उभं राहिलं. हात जोडून! पाठीचं सोड, मुली, माणसं उभी राहिली!"

त्यांना खरं काय ते सांगायचं माझ्या जिवावर आलं. सांगितलं तेव्हा ते स्टुलावर बसले आणि वहीची उघडझाप करत राहिले. "ती काय म्हणेल?" एवढंच म्हणाले. तिच्या घरी फोन नव्हता. शेठना फोन केला तर त्यांना अचानक सकाळी वापीला काम निघालं होतं.

सकाळी पहिल्या बसने मी आणि काका अर्नाळ्याला निघालो. बसमध्ये आमच्या पुढच्या बाकावर चार बायका पांढऱ्या साड्या नेसून बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर झेंडूचा हार होता. काकांनी मान खिडकीबाहेर वळवली ती शेवटपर्यंत आत घेतली नाही.

गल्लीच्या तोंडाशीच गर्दी दिसली. एक टेम्पो, दोन रिक्षा, सायकली. अंगणात चाळीसएक माणसं असतील, आणि मधोमध चांगुणाबाय, हातात कोयता, समोर अर्धवट कापलेला घोळ मासा. गल्लीच्या कोपऱ्यावरून नवी माणसं रडत वळत होती आणि अंगणात येऊन थबकत होती. प्रत्येक वेळी तीच विचारत होती, "आता तुमना कोनी सांगितला?"

मी पुढे होऊन पायाच पडले. "बाय, चूक माझी आहे. पाटी मी लिहिली."

"चूक माझी आहे," मागून काका म्हणाले. "वेळ मी ठरवली."

तिने कोयता आमच्याकडे रोखला. "मना मारलात तुमी दोगांनी? टीवीवर?" मला वाटलं, आता आपलीच पाटी करायची वेळ आली. ती उठली आणि अंगणावरून नजर फिरवली. एक-एक तोंड बघत गेली. "ही बोलींजची. ही पाचूबंदरची, हिच्या सासूला पन मीच हलद लावली. तू कोन गो? डहानूवरून आली? सकाली सकाली?"

हारवाली बाई पुढे आली आणि तिला मिठी मारून, ती जिवंत आहे हे दिसत असूनही, पुन्हा नव्याने रडायला लागली. "पंदरा वर्सं झाली माज्या लगनाला. काल तुजा आवाज आयकला न वाटला, आता कोन गाईल माज्या पोरीला?"

चांगुणाबायने कोयता खाली ठेवला. हात लुगड्याला पुसले. "येवडी मानसं," ती म्हणाली. "माज्या मयताला येवडी मानसं येनार व्हती? मना वाटला, खांद्याला चार पन नाय मिलनार."

मग ती हसायला लागली. दात नसलेलं तोंड उघडं टाकून, पोट धरून हसली, आणि आधी कोणाला हसावं की नाही कळेना, मग सगळं अंगण हसलं. आणलेला हार परत कसा न्यायचा म्हणून तो तिच्याच गळ्यात घातला. सुनेने चहाचं मोठं पातेलं चढवलं. तिथल्या तिथे तीन हळदींची बोलावणी झाली. एक बाई तर मुलगी अजून दहावीला आहे पण दिवस धरून ठेव म्हणत होती. आणि मग, आलोच आहोत तर, असं म्हणून कोणीतरी म्हणालं, "बाय, गा की."

ती ओटीवर बसली. लोक अंगणात बसले. काकांनी स्टूल नेऊन बरोबर तिच्या शेजारी मांडलं, तिच्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून. घड्याळ सोडून मांडीवर ठेवलं, वही उघडली. मी मनात म्हटलं, हा माणूस खऱ्याखुऱ्या मयतालाही स्टूल घेऊन जाईल.

"दारी आली हलद," तिने उचललं. टेपवर होता त्यापेक्षा आवाज चिरलेला होता आणि त्यापेक्षा कितीतरी चांगला होता. दुसऱ्या कडव्याला पांढऱ्या साड्यांतल्या बायका साथ द्यायला लागल्या. भिंतीला टेकलेलं कोणीच उरलं नव्हतं. काकांची पेन्सिल वहीवर तयार होती, पण लिहायला काही नव्हतं, कारण कोणी उठत नव्हतं. एवढ्यात तिसरं कडवं लागलं, लेक उंबऱ्यावरून मागे वळून बघते ते, आणि काका उठले.

वही स्टुलावर राहिली. घड्याळ खाली पडलं. ते गर्दीतून वाट काढत पडवीतल्या माठापाशी गेले, पाठमोरे उभे राहिले, पेला बुडवला. परत आले ते स्टुलापर्यंत आलेच नाहीत. लोकांच्या मागे, अंगणाच्या टोकाला उभे राहिले आणि पहिल्यांदाच, आम्ही सगळे जिकडे बघत होतो तिकडे, गाणाऱ्या बाईकडे तोंड करून बघत राहिले. हातातला पेला काठोकाठ भरलेला होता आणि गाणं संपेपर्यंत तसाच होता.

मी स्टुलावरची वही उचलली आणि लिहिलं: "अर्नाळा, चांगुणाबायचं अंगण. तिसरं कडवं, काका पाण्याला उठले. पेला भरलेलाच."

पुढे काका मालवणकडच्या आपल्या गावी राहायला गेले, तेव्हा वही मला देऊन गेले. पण त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी ती त्यांच्या पुढे धरली होती. त्यांनी चष्मा पुसला, माझी नोंद वाचली, एखाद्या मास्तराने गणित तपासावं तशी.

"वेळ लिहायची राहिली," म्हणाले.

"मी घड्याळ घातलं नव्हतं, काका. तुम्हीच लिहा."

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. बस खड्ड्यांतून चालली होती म्हणून अक्षर वेडंवाकडं आलंय, पण वाचता येतं. माझ्या ओळीखाली त्यांनी लिहिलं आहे: "घड्याळ बघितलं नाही."